चैत्रातले हळदीकुंकू आणि आपला जूनचा फंड
(मंडळाच्या २०२५ सालच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



आज आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पुरी झाली. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "चैत्राच्या हळदीकुंकवावर आणि फंडावर तुम्हीच बोला. डाळही तुमच्याकडे आणि हिशेबाची वहीही तुमच्याकडे." माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पाठ करून बोलणे मला जमायचे नाही, म्हणून लिहून आणले आहे ते वाचते. अडखळले तर सांभाळून घ्यावे.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि वैशाखातल्या अक्षय्यतृतीयेला उठते. हा महिना बायकांना एकत्र बोलावायला का बरा, याचा मी पुष्कळ विचार केला. कैरी आलेली असते, हरभऱ्याची नवी डाळ बाजारात असते, उन्हाने जीव कासावीस होतो आणि पन्हे प्यावेसे वाटते. मुलांच्या परीक्षा उरकतात, लेकी माहेरी येतात. आणि मुख्य म्हणजे पुढे जून असतो. जूनची आठवण चैत्रात कुणी काढत नाही, पण जून काही कुणाला सोडत नाही. वह्या, दप्तर, गणवेश, रेनकोट, बूट, शिकवणीची पहिली फी, हे सगळे एकाच पंधरवड्यात येते. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्या घरी तेवढ्या दिवसांत चार-पाच हजार कुठून येणार? मग कानातले गहाण पडते, नाहीतर आठवड्याला हप्ता मागायला दारात येणाऱ्यांचे कर्ज निघते. तो हप्ता दिवाळीपर्यंत पुरतो, आणि दिवाळीला पुन्हा नवीन कर्ज.

आपला जूनचा फंड निघाला तो मात्र पुरातून. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने आपल्या शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे वेढली. कितीतरी घरांतले नातेवाईक अंगावरच्या कपड्यानिशी आपल्याकडे जयसिंगपुरात आले. तेव्हा मंडळाने भाकऱ्या केल्या, तुम्हा सर्वांना आठवत असेल. भाकरी मिळाली की माणूस दोन दिवस तरतो. पण पाणी ओसरल्यावर एक बाई माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, भाकरी नको आता. पोरीच्या वह्या गेल्या, दहावीचं वरीस हाय." वह्यांसाठी जमवलेल्या पैशातून जे उरले, ते आठ हजार तीनशे रुपये आपण बाजूला ठेवले. त्यालाच जूनचा फंड म्हणू लागलो.

फंडाचे नियम थोडके. पाच हजारांपर्यंत रक्कम, व्याज नाही, दहा हप्ते. घेणारीचे नाव वहीत असते आणि ती वही तिघींखेरीज कुणी उघडत नाही. आजही मी कुणाचे नाव घेणार नाही.

पैसा वाढावा म्हणून २०२० च्या चैत्रात आनंदमेळावा भरवायचे ठरले होते. कूपने छापून झाली होती. आणि त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला आला, त्याच दिवशी सारा देश बंद झाला. ती कूपने दोन वर्षे माझ्या कपाटात पडून होती. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता. तेव्हा सरकारने निर्बंध उठवले आणि आपण पहिला मेळावा केला. जुन्याच कूपनांवर शिक्का मारून वापरली. छपाईचा खर्च वाचला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. काही भगिनींना ती आवडणार नाही, पण ती सोडून फंडाविषयी बोलणे म्हणजे मीठ सोडून आमटी करणे होईल.

२०२१ च्या साथीत आपल्या गल्लीतल्या चार घरांतली कर्ती माणसे गेली. त्यांतले एक घर आमचेच, माझे थोरले दीर. आमच्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. मंडळाची आंबेडाळ वर्षानुवर्षे अक्काच्या हातची. मी करते ती त्यांच्याकडूनच शिकलेली. २०२२ च्या हळदीकुंकवाला डाळ अक्कांनीच केली, आणि पाच वाजता बायका यायला लागल्या तशा त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "नको गं. चार जणी काही बोलल्या तर तुझ्या कार्यक्रमाचा रंग जाईल. डाळ पुरते का तेवढं बघ." बाहेर दीडशे बायका त्यांची डाळ खाऊन वा वा करीत होत्या.

त्या वर्षी अक्षय्यतृतीया ३ मेला होती. आणि दुसऱ्या दिवशी, ४ मेला, आपल्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा गावात बंद, आणि तिला समारंभात मान मिळाला पाहिजे. १७ मेला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले. ते वर्ष शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे होते. महाराजांनी १९१७ सालीच विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता, हे मी माझ्या मुलाच्या पुस्तकात वाचले. त्यांनीच आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेल्या गावात आपण राहतो, आणि आमची अक्का मागच्या खोलीत.

ठरावाचा कागद वाचायला सोपा असतो. आपल्या मंडळाच्या सभेत त्यावर तीन तास बोलणे झाले. वडील बायकांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. एक आजी म्हणाल्या, "अगं, हळदीकुंकू हे सवाष्णीचं लेणं. ते सर्वांना द्यायचं तर मग त्याला हळदीकुंकू म्हणू नका, नुसता चहापाणी म्हणा." दुसऱ्या एका बाईचे म्हणणे वेगळे होते. "आपण बोलवू, पण त्यांनाच अवघड होईल. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे." यातले दुसरे म्हणणे मला खरे वाटले. आणि तिसरा प्रश्न पैशांचा होता. पाचपंचवीस बायका रुसून आल्या नाहीत तर मेळावा बसेल आणि जूनला फंडात काय राहील?

तेव्हा मी वही उघडली. नावे न सांगता एवढेच सांगितले, की त्या जूनमध्ये ज्या सात घरांनी फंडातून रक्कम घेतली त्यांपैकी चार घरे एकट्या बाईची आहेत. त्यांच्या मुलांसाठी आपण चैत्रात पैसा गोळा करणार आणि त्यांनाच म्हणणार की तुम्ही दाराबाहेर थांबा, पैसे मागाहून देतो. हे कुठल्या हिशेबात बसते ते मला कुणी समजावून द्यावे. सभेत कुणी समजावले नाही.

ही काही आपण नवी टूम काढलेली नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५२ च्या जानेवारीत पुण्याला तिळगुळाचा समारंभ केला, त्याला कोणत्याही जातीची बाई आली तरी एकाच जाजमावर बसवले जाईल असे निमंत्रणातच म्हटले होते. त्या काळी हे म्हणायला केवढे काळीज लागले असेल! आपल्याला तर फक्त आपल्याच शेजारणीला, आपल्याच जाऊबाईला बसवायचे होते.

मग आपण २०२३ साली काय केले ते सांगते. निमंत्रणपत्रिकेवर 'सौ.' लिहिणे बंद केले, 'भगिनी' लिहिले. कुंकवाचे बोट प्रत्येकीच्या कपाळी लावत जाण्याऐवजी गौरीपुढे पाटावर हळद, कुंकू, अत्तर, फुले ठेवली. जिला जे घ्यायचे ते तिने घ्यावे. कुणी दोन्ही लावते, कुणी नुसती हळद, कुणी फक्त फूल. आपण विचारत नाही. ओटीत हरभरे आणि कैरी सर्वांनाच. पहिले ताट वयाने सर्वांत मोठ्या बाईला, मग ती कुणी का असेना. ही पाटाची युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली म्हणाल, तर ज्या आजींनी चहापाणी म्हणा असे सांगितले होते त्यांच्याच. पण त्या स्वतः आल्या नाहीत. अजूनही येत नाहीत. दर वर्षी दोन किलो डाळ मात्र न चुकता पाठवतात.

त्या वर्षी बायका कमी आल्या हे खरे आहे. २०२२ ला मेळाव्याचे खर्च वजा जाता १५,८७० रुपये उरले होते, २०२३ ला ११,३४० च. चार-साडेचार हजारांची खोट म्हणजे एका घराची सोय गेली. जूनमध्ये एका बाईला मला 'पुढच्या महिन्यात बघू' असे सांगावे लागले, ते तोंडाने सांगताना मला फार जड गेले. आणि गंमत अशी, की अक्का त्या वर्षीही आल्या नाहीत. बोलावले म्हणून लगेच पदर खोचून यावे अशी ती बाईच नव्हे. २०२४ ला आल्या, पण पाहुणी म्हणून नाही. "मला बसून राहायला लावू नका, कूपनांचं टेबल द्या," म्हणाल्या. तेव्हापासून कूपनांची पेटी त्यांच्याकडे आहे आणि एका रुपयाचाही फरक पडलेला नाही.

२०२४ ला आणखी एक प्रसंग आला. लोकसभेची निवडणूक होती, आपल्याकडे ७ मेला मतदान. चैत्रातच एक गृहस्थ आले. कोण ते सांगत नाही. म्हणाले, प्रत्येक बाईला स्टीलचा डबा वाण म्हणून देतो, वर मंडळाला एकवीस हजार. फक्त मंडपात आमचा फलक लावा. एकवीस हजार म्हणजे चार घरे. आदल्या वर्षीची खोट भरून वर उरले असते. सभेत मन डळमळले नाही असे मी म्हणणार नाही, पुष्कळ डळमळले. पण निवडणुकीत ते नियमात बसणारे नव्हते, आणि एक पोरगी बोलून गेली, "आज डबा देतील, उद्या कुणाला बोलवायचं ते पण तेच सांगतील." आपण नको म्हटले. आजकाल हळदीकुंकू म्हटले की बायका आधी विचारतात, वाण काय आहे? मला तर प्लॅस्टिकच्या त्या टोपल्यांचा कंटाळा आला आहे. आपल्या वाणात कैरी असते, तिची डाळ होते.

पैसे कसे उरतात ते आता सांगते, कारण बाहेरच्या दोन मंडळांनी विचारले आहे. कार्यक्रम जोरात होतो आणि शेवटी हातात काही राहत नाही, अशी पुष्कळांची तक्रार असते. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच: जमलेल्या पैशांतूनच सामान आणलेले असते. आपल्याकडे सामान घरोघरून येते. कुणी पावशेर डाळ, कुणी गूळ, कुणाच्या परसातल्या कैऱ्या. कुंभोज इथून काही फार लांब नाही, तिथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील घरोघर मुष्टिफंड जमवीत, मूठ मूठ धान्य. त्यावर रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे चालली. वसतिगृहातल्या मुलांना जेवायला घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. आपल्याला कुणी मंगळसूत्र मागत नाही. मूठभर डाळ मागतो.

दोनशे बायकांना चार किलो हरभराडाळ पुरते आणि तिच्यात दीड किलो कैरी. ओटीला पाच किलो हरभरे, ते रात्रीच भिजत घालावेत. पन्ह्याला पाच किलो कैरी आणि सहा किलो गूळ, त्यात वीस-बावीस लिटर पन्हे होते. डाळ सकाळी भिजवावी, दुपारी जाडसर वाटावी, पाणी अगदी बेताने घालावे, आणि कैरी व फोडणी तीन वाजल्यानंतर घालावी. सकाळीच सगळे कालवून ठेवले तर एप्रिलच्या उकाड्यात डाळीला वास येतो. दोनशे माणसांच्या पोटाशी खेळ नको. फोडणी गार करून घालायची, हे अक्कांचे सांगणे.

हळदीकुंकू फुकट असते, त्याला पैसे लावायचे नाहीत. मेळाव्याला कूपने. यंदा मुलांच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. २७ ला रविवार होता, पण ती अमावास्या, म्हणून शनिवार २६ एप्रिल धरला. वेळ चारची ठेवली ती आपल्या जैन भगिनींसाठी, त्यांना दिवस मावळायच्या आत खाता यावे म्हणून. दोन टेबले कांदा-लसणाशिवायची होती, तिथेच सर्वांत गर्दी! मुसलमान शेजारणींनी मेंदीचे टेबल घातले, रांग मंडपाबाहेर गेली. मुलांनी लिंबू-चमचा, सुई-दोरा, संगीतखुर्ची यांवर धुमाकूळ घातला. सहावीतल्या एका मुलाला सरबताच्या टेबलावर बसवले होते. मोडीचा हिशेब तो माझ्यापेक्षा लवकर करतो. पुरुषमंडळींकडे बाके उचलणे आणि प्यायचे पाणी एवढेच काम दिले. त्यांनी ते चांगले केले, पण गाळ्यांची जागा कशी असावी याबद्दल सूचना फार करीत होते.

हिशेब असा. कूपने विकली ३१,४०० रुपयांची. ज्या भगिनींनी स्वतःचे पापड, लोणची, खाऊ विकले त्यांना त्यांच्या कूपनांचे १७,२०० परत दिले. मंडळाच्या पाच टेबलांचे राहिले १४,२००. बाकीच्या सतरा टेबलांचे भाडे दीडशेप्रमाणे २,५५०. पावती फाडून आलेल्या देणग्या ९,६५०. एकूण २६,४००. खर्च: मंडप व दिवे ४,५००, लाउडस्पीकर १,२००, छपाई ६५०, बर्फ, पाणी व किरकोळ ८३५, मिळून ७,१८५. शिल्लक १९,२१५ रुपये. हा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या फलकावर लावला, तसा दर वर्षी लावतो. पेटी दोघींनी मिळून मोजायची, एकटीने नाही. मोबाइलवरून येणारे पैसे मंडळाच्याच खात्यावर. कुणा एकीच्या मोबाइलवर घ्यायचे नाहीत, मग ती कितीही विश्वासाची असो. मंडळाची नोंद धर्मादाय कार्यालयात आहे आणि दर वर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, तेव्हा ही शिस्त उपयोगी पडते.

रुसलेल्या बायकांतल्या बहुतेक जणी आता परत आल्या आहेत. भाषणे ऐकून आल्या असे मला वाटत नाही. डाळीसाठी आणि मुलांच्या हट्टासाठी आल्या असाव्यात. आल्या हे चांगले झाले. यंदा जूनमध्ये नऊ घरांना रक्कम देता आली, जुन्या हप्त्यांचा पैसा फिरून येतो म्हणून. दोन घरांचे हप्ते थकले आहेत. त्यांच्याकडे कुणी तगादा लावू नये, मी स्वतः जाऊन बसून बोलणार आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पाच हजारांची मर्यादा २०१९ सालची आहे. आता अकरावीचा प्रवेश आणि नर्सिंगसारख्या शिक्षणाची फी तेवढ्यात भागत नाही. मर्यादा वाढवली तर घरे कमी होतील, तशीच ठेवली तर मुलींचे पुढचे शिक्षण अडते. माझे मत आधी लहान मुलांच्या घरांचे पाहावे असे आहे. अक्कांचे मत नेमके उलट आहे, आणि घरी रोज त्यावर आमचे चालू असते. पुढच्या सभेत दोन्ही बाजू मांडू, तुम्ही ठरवा.

पुढल्या वर्षी, २०२६ ला, पाडवा १९ मार्चला आहे आणि अक्षय्यतृतीया १९ एप्रिलला, रविवारी. परीक्षांच्या तारखा शाळेतून कळल्या की दिवस ठरवू. एप्रिलपासून आमच्याकडे तीन पातेली, एक विळी आणि पितळेचा एक मोठा डाव राहिला आहे. डावावर नाव आहे, पण घासून पुसट झाले आहे. ज्यांचे असेल त्यांनी ओळखून घेऊन जावे.